चौघांनी भरलेली पुस्तिका

भिंतीच्या खालून तिसऱ्या थरात करंगळी जाईल एवढी फट होती. सकाळी साडेसातला तिच्यातून येणारं पाणी स्वच्छ होतं. रेश्माने ते ओंजळीत धरलं तेव्हा पाण्याखाली हाताच्या रेषा दिसत होत्या. दुपारी एकला तिने पुन्हा ओंजळ धरली. आता रेषा दिसत नव्हत्या. पाणी सोडून दिल्यावर तळहातावर तांबूस मातीचा पातळ थर राहिला. तिने तो अंगठ्याने चोळून पाहिला. माती बारीक होती. खडा एकही नव्हता.

भिंत सहा फूट उंच, चाळीस पावलं लांब. तिच्या वर सोनबाचं वरचं खाचर, घरातलं निम्मं भात देणारं. खाली शेजारच्या गोमाजीचं खाचर. वरंध गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत सगळ्याच भिंती नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या, पण या एका भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. तीन वर्षांपूर्वी रेश्माचा बाप राहुल मुंबईहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो करून घेतला होता. आता एका जागी गिलाव्याची खपली पडली होती. फट तिथेच होती.

तिचा आजा सोनबा पलीकडे बांध छाटत होता.

“आबा, भिंत माती सोडते,” रेश्मा म्हणाली.

“आषाढात सगळ्याच भिंती रडतात गो.”

“सकाळी नव्हती सोडत.”

म्हातारा फावडं ठेवून पहार घेऊन आला. त्याने पहारीच्या बोथट टोकाने गिलाव्यावर दोन ठिकाणी ठोकलं. एका ठिकाणी टणक आवाज आला, दुसऱ्या ठिकाणी बद्द.

“लावनी होऊं दे,” तो म्हणाला. “तवर धरील.”

रेश्माला वाटत होतं, धरणार नाही. पण घरात तिला वाटलेलं विचारायची पद्धत नव्हती, आणि तिलाही सांगायची सवय राहिली नव्हती.

ती आता सतरा वर्षांची होती. सातवीत असताना वर्गात तिला पहिल्यांदा फेफरं आलं. कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली होती. शुद्धीवर आली तेव्हा पहिला वास त्या चपलेचा होता, आणि पहिलं दृश्य बाकांवर उभ्या राहून बघणाऱ्या पोरींचं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा शाळेने बापाला बोलावून सांगितलं, घरी ठेवा, जबाबदारी आमच्याच्याने घेववत नाही. तिने घरीच पुस्तकं वाचली. दर रविवारी एसटीने महाडला जाऊन चवदार तळ्यामागच्या गल्लीत अनुपमा मॅडमच्या खोलीवर ती शिकली. शाळा सुटलेली अशी अकरा मुलं तिथे येत. मुक्त विद्यालयातून ती या जूनमध्ये दहावी पास झाली, एकाहत्तर टक्क्यांनी. शेवटचं फेफरं येऊन साडेतीन वर्षं झाली होती. वर्षापूर्वी डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. पण घरातलं कुणी ना कुणी अजून तिच्या दहा पावलांच्या आत असायचं. तिच्या हातातली घागर कुणीतरी घ्यायचं, विळी कुणीतरी घ्यायचं. अर्धं केलेलं काम पुरं करायला तिच्या वाट्याला येत नसे.

पुढे काय शिकणार ते ठरवायचं होतं. प्रवेशाचा अर्ज शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत भरायचा होता. गेलं वर्षभर मॅडमनी विचारलं की रेश्मा म्हणायची, “घरी विचारते.” घरी विचारलं की आई म्हणायची, “बघू.”

*

त्या शनिवारी संध्याकाळी पडवीत ती पुस्तिका निघाली. मॅडमनी अकराही मुलांना दिली होती. आत शंभर वाक्यं, प्रत्येकापुढे तीन चौकोन: आवडते, आवडत नाही, सांगता येत नाही. मुलाचा कल कशात आहे ते त्यावरून कळणार होतं. रेश्माने ती सहा दिवस दप्तरात ठेवली होती.

“हे काय, कोरीच?” राहुलने पानं चाळली. तो शुक्रवारी आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. मुंबईत एका कँटीनच्या भांडारावर तो कामाला होता. “उद्या द्यायची ना? शंभर क्वेश्चन हायत. ही एकटी कधी करनार?”

“डोक्याला ताण होईल तिच्या,” आई म्हणाली. तिचं नाव दर्शना.

“वाटून घ्या,” सोनबा म्हणाला. “पंचवीस-पंचवीस. लावनीला जो तो आपला पट्टा, आपली पात धरतो तशी. चार मानसं, घटकाभरात खलास.”

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरावर आलेलं काम असंच उरकत आलं होतं. सोनबाने चष्मा लावला आणि पहिलं पान घेतलं.

“‘मला एकट्याने काम करायला आवडते.’ आवडतं.” त्याने चौकोनात जोर देऊन उभी रेघ ओढली. “‘मला रानात फिरायला आवडते.’ हे काय विचारनं झालं?”

दुसरं पान आजीचं. बयाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून दर्शना वाचून दाखवत होती.

“‘मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडते.’”

“आवडतं की. का नाय आवडनार? मानसं काय चावतात?” बयाबाईने पेनचं टोक चौकोनात टेकवून गोल फिरवलं.

“‘मला पाहुण्यांसाठी स्वयंपाक करायला आवडते.’”

“आलेल्याला काय उपाशी धाडायचा? लाव.”

“आत्ये, तुमीच लावायचंय, तुमचं पान हाय.”

“‘मला यंत्र खोलून बघायला आवडते,’” राहुल आपलं पान वाचत म्हणाला, “येस. हंड्रेड पर्सेंट.” त्याने मालाच्या नोंदवहीत करतो तशी तिरकी खूण केली.

दर्शनाचं पान शेवटचं. ती मनात वाचत होती, आणि फारसं न थांबता नाजूक खुणा करत होती. एका वाक्याला ती थांबली. “‘मला आजारी माणसाची काळजी घ्यायला आवडते.’” तिने रेश्माकडे पाहिलं, आणि आवडतेवर खूण केली. मग पुढचं मोठ्याने वाचलं, “‘मला उंचावर चढून काम करायला आवडते.’”

“नाय!” चौघंही एकदम म्हणाले.

रेश्मा भिंतीला टेकून कुळीथ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. बापाने विचारलं, “बरोबर ना गो?”

“हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महाडला तिने पुस्तिका मॅडमच्या टेबलावर इतर दहांच्या मध्ये सरकवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

*

सोमवारी सकाळी दहाला भिंत गेली.

आवाज फार मोठा नव्हता. आधी गिलाव्याला आडवी चीर गेली, मग अकरा पावलांचा तुकडा पोट काढून पुढे आला आणि बसला. दगड, सिमेंटचे पापुद्रे आणि वरच्या खाचराची तांबडी माती गोमाजीच्या खाचरात पसरली. त्याच्या कालच लावलेल्या भातरोपांच्या चार ओळी खाली गाडल्या गेल्या. वरच्या खाचराचं पाणी त्या खिंडारातून धबाधबा खाली पडू लागलं.

सगळे धावले. राहुल आणि सोनबाने वरून पाट फोडून पाणी ओढ्याकडे वळवलं. गोमाजी गुडघाभर चिखलात उभा राहून बघत होता. पन्नाशीचा, काटक, तोंडाने फटकळ.

“राहुल्या, मुंबईचं शिमिट मुंबईतच बरं रे,” तो म्हणाला. “हितं पायाला मोजा घातल्यावानी झालं. वरनं गोरं, आतनं कुजलं.”

राहुलचा चेहरा उतरला. “काका, फुल गॅरंटीचं सिमेंट होतं.”

“मंग जा गॅरंटीवाल्याला आन.”

मंगळवारी दिवसभर त्यांनी ढिगारा उपसला. दगड एकीकडे, माती एकीकडे. पाऊस बारीक होता, पण थांबत नव्हता. प्लास्टिकच्या खोळींखाली पाठी भिजत होत्या त्या घामाने. दर्शनाच्या उजव्या हाताचं नख दगडाखाली सापडून काळं पडलं. तिने ते तोंडात धरलं आणि पुन्हा घमेलं उचललं. बयाबाई चिपा वेचत होती, म्हणजे दगडांचे लहान तुकडे. रेश्माला सांगितलं होतं, बांधावर बसून भिंतीच्या रेघेची सुतळी धर.

ती बांधावरून उघड्या पडलेल्या पोटाकडे बघत होती. गिलाव्याच्या मागे दगडांच्या फटींत सिमेंटचं पाणी शिरून गठ्ठे झाले होते. त्याच्याही मागे, जिथे चिपांचा थर असायला हवा तिथे नुसती माती भरलेली होती. ती माती अजून झिरपत होती. दाबली की हातात लगद्यासारखी येत होती.

“उद्या वरंधवरनं आठ गोनी मागवतो,” राहुल म्हणाला. “या टायमाला सळई पन टाकू. मंग बघू कशी पडते.”

सोनबा बिडी चाचपत गप्प होता. तीन वर्षांपूर्वीही तो गप्पच होता. पोराने कमाईतून केलेली गोष्ट, नको कशी म्हणायची.

“बाबा, सिमेंट नको,” रेश्मा म्हणाली.

“काय?”

“पानी बाहेर यायला वाट नवती. मागं साठलं. मागची माती फुगली.” ती उठून खिंडारात उतरली. दर्शना “अगो, सांभाळ” म्हणाली तेवढ्यात ती पायाशी पोचलीही होती. “हे बघा. हितं चिपा पायजेत. हातभर रुंद, खालपासून वरपर्यंत. आबांनी पलीकडच्या भिंतीत घातल्यात, ती किती वर्षं उभी हाय?”

“माज्या बापाची हाय ती,” सोनबा म्हणाला.

राहुलने घमेलं खाली ठेवलं. त्याचे ओठ घट्ट मिटले होते. मुलीच्या तोंडून, आणि तेही गोमाजीसमोर. गोमाजीने मात्र या वेळी काही टोमणा मारला नाही. तो खाली वाकला, मागच्या मातीत बोट खुपसलं आणि मुळापर्यंत आत गेलेलं ते बोट सगळ्यांना दाखवलं.

“पोरगी म्हनते ते खरं हाय.”

“रच मंग तू,” सोनबा रेश्माला म्हणाला. “सांग कुठला दगुड कुठं. माजी कंबर वाकत नाय आता.”

“मामा, तिला नको, उंचावर...” दर्शना सासऱ्याला म्हणाली.

“आदी पायाच घालायचा हाय. पाया काय उंचावर अस्तो?”

*

बुधवारी सकाळच्या एसटीने अनुपमा मॅडम वरंधला उतरल्या आणि तिथून पाऊण तास चढून वाडीवर आल्या. पंचेचाळीस वर्षांच्या, बारीक, पिशवीत पाण्याची बाटली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तिका. घराला कडी होती. आवाजाच्या रोखाने त्या खाचराकडे गेल्या.

कुणी त्यांना पाहिलं नाही. त्या बांधावर छत्री धरून उभ्या राहिल्या.

पाया गुडघाभर खणून मुरूम लागेपर्यंत नेला होता आणि त्यावर दोन थर चढले होते. रेश्मा चिखलात उभी होती. साडी खोचलेली दर्शना आणि गोमाजी तिच्याकडे दगड सरकवत होते. राहुल पहारीने नेट लावत होता.

“नको. हा बाजूला ठेवा.”

“अगो, चांगला चौरस हाय,” गोमाजी म्हणाला.

“तोंड चांगलं हाय. पन लांबी बाहेर पडते. लांबी आत जायला पायजे, काका, भिंतीच्या पोटात. तो लांबडा द्या.”

“तो बेढब हाय.”

“बेढबच द्या.”

लांबडा दगड आला. राहुलने पहार घातली, रेश्माने दोन्ही हातांनी त्याला अर्धा वळसा दिला, खाली एक चिप सरकवली, हलवून पाहिला. हलला. तिने चिप काढली, दुसरी घातली. आता हलला नाही. मग ती मागे सरली, सुतळीशी डोळा लावून बघितलं. वरचा थर खालच्या थरापेक्षा बोटभर आत होता. भिंत डोंगराकडे रेलत चालली होती.

मॅडमनी घड्याळ पाहिलं होतं. चाळीस मिनिटांत तिने चौदा दगड नाकारले आणि बावीस बसवले. एवढ्या वेळात एकदाही तिने कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बरोबर ना, असं विचारायला.

“मागे एवढे तुकडे कशाला भरतेस?” मॅडमनी वरून विचारलं.

रेश्मा दचकली. “मॅडम! तुमी कधी आलात?” मग दगडाकडेच बघत म्हणाली, “पानी जायला. तुमी बाटलीला तीन भोकं पाडून दाखवलेलं. खालच्या भोकाची धार लांब जाते. म्हंजे खाली दाब जास्ती. म्हनून खाली चिपांचा थर रुंद ठेवलाय, वर कमी.”

मॅडमनी छत्री मिटून काखेत धरली, आणि भिजतच खाली उतरल्या.

दुपारी भाकरी खायला सगळे आंब्याखाली बसले तेव्हा मॅडमनी पुस्तिका काढली.

“ही कोणी भरली?”

राहुल म्हणाला, “तिनंच. आमी थोडी हेल्प केली.”

“पहिल्या पानावर उभ्या रेघा आहेत, दाबून ओढलेल्या. मागच्या बाजूला उमटल्यात. दुसऱ्या पानावर गोल ठिपके...”

“ते माजे,” बयाबाई खुशीत म्हणाली.

दर्शनाने खाली पाहिलं.

“यावरून जी मुलगी तयार होते,” मॅडम म्हणाल्या, “तिला एकटं राहायला फार आवडतं आणि अनोळखी माणसांच्या गर्दीतही फार आवडतं. वनरक्षक, हॉटेलची व्यवस्थापक, मोटार मेकॅनिक, परिचारिका. चारही ठिकाणी तिला सारखेच गुण मिळालेत.”

“मंग वाईट काय त्यात?” गोमाजी म्हणाला. “एका पोरीत चार पगार.”

सगळे हसले. रेश्माही हसली. मॅडम हसल्या नाहीत असं नाही, पण त्यांनी हसू लवकर आवरलं.

“अशी मुलगी नाहीये, काका. ही तुमच्या घरातली चार माणसं आहेत. रेश्माची एकही खूण यात नाही.”

“मॅडम, आमी काय वाईट हेतूनं नाय केलं,” दर्शना म्हणाली. तिच्या आवाजात ओल आली होती. “डॉक्टरांनी सांगितलेलं, ताण द्यायचा नाय. पाच वर्षं मी हिच्या उशाशी बसल्ये. दिवसा पन. हिनं पानी प्यायला उठलं तरी मी उठते.”

“मला ठाऊक आहे.”

“मंग आमी नाय ठरवायचं तर कोनी?”

मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “परत भरू का मॅडम?” रेश्माने हळूच विचारलं.

“नको. मला जे बघायचं होतं ते बघितलं.” मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. “हिला तीन वाटा आहेत. महाडला शिवणकामाचा वर्ग, सहा महिन्यांचा, रोज घरून जाऊन येऊन. बारावी करून नर्सिंग. तेही महाडला राहून होईल. आणि तिसरी, रत्नागिरीला तंत्रनिकेतन. स्थापत्याची पदविका, सिव्हिल म्हणतात ती. तीन वर्षं. भिंती, रस्ते, पूल, मोऱ्या. वसतिगृह आहे. हिच्या गुणांना जागा मिळू शकते. डॉक्टरांचं पत्र लागेल. मी काल त्यांना भेटले, ते देतो म्हणाले.”

“रत्नागिरी,” बयाबाई म्हणाली. “तितं हिचं कोन हाय?”

“कुणी नाही.”

“तुमाला काय वाटतं मॅडम?” राहुलने विचारलं. “तुमी सांगा. तुमी शिकलेल्या.”

“मी सांगितलं तर पाचवी खूण होईल माझी.” त्यांनी पुस्तिका पिशवीत ठेवली. “शुक्रवारी अकराच्या आधी फोन करा. मी अर्ज उघडून बसते. पण मला रेश्माच्या तोंडून ऐकायचंय.”

“आमी इचार करून कळवतो,” सोनबा म्हणाला.

मॅडमनी भाकरी संपवली. एसटीला दीड तास होता. जाताना त्यांनी चार घमेली चिपा उचलून दिल्या. साडीला चिखल लागला तो त्यांनी झटकला नाही.

*

गुरुवारी दुपारी बाराला शेवटचा थर बसला. छातीपर्यंत भिंत आल्यावर रेश्मा वर चढली होती. दर्शनाने तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं. थोड्या वेळाने दोन्ही हातांनी चिपा द्यायची वेळ आली तेव्हा तिने ते सोडलं. परत धरायचं राहून गेलं.

पाट पुन्हा खाचरात वळवला. आणि दोनला आभाळ फाटलं.

असा पाऊस की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. नव्या भिंतीला मुरायला दोन दिवस तरी मिळावेत असं सोनबाचं म्हणणं होतं, तिला जेमतेम दोन तास मिळाले होते. वरचं खाचर बघता बघता भरलं. घरची सगळी माणसं बांधावर ओळीने उभी होती. गोमाजी खाली, आपल्या खाचरात, भिंतीसमोर.

“काका, बाजूला या!” राहुल ओरडला.

“का रे? गॅरंटी हाय ना?” गोमाजी खालून ओरडला. पण त्याचाही आवाज जरा चढाच होता.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग भिंतीच्या पायथ्याशी एका सांध्यातून पाणी आलं. मग शेजारच्या. मग वरच्या थरातून. एकेक करून सगळ्या अकरा पावलांच्या तुकड्यातून बारीक धारा सुटल्या. रेश्मा मोजत होती. पस्तीसपर्यंत मोजून तिने सोडून दिलं. ती घसरत खाली गेली आणि धारेखाली ओंजळ धरली. पाण्यात माती नव्हती.

“स्वच्छ हाय!” ती ओरडली.

साडेचारपर्यंत पाऊस तसाच होता. सोनबाने सुतळी पुन्हा ताणून बघितली. दगड तसूभरही हलला नव्हता. गोमाजीने भिंतीवर थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. “माजी ओढ्याकडची भिंत पन हिच्याकडनंच घेनार,” तो म्हणाला. “पुढच्या सालात. फुकट नाय हां. सावडीनं. मी तुमच्या लावनीला, ही माज्या भिंतीला.”

सावडीला बाईमाणूस भिंतीसाठी मागितल्याचं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. बयाबाईने पदर तोंडाला लावला. राहुल भिंतीजवळ गेला. त्याने आपल्या तळहाताने दोन धारा अडवून बघितल्या. तिसऱ्या सांध्यातून पाणी जोरात आलं. त्याने हात काढला.

“मी पैसे घातले आन पाडली,” तो म्हणाला. “हिनं फुकटात उभी केली.” आणि मोठ्याने हसला. सुट्टीवर आल्यापासून एवढं मोठ्याने पहिल्यांदाच.

उरलेल्या उजेडात त्यांनी वरच्या खाचरात लावणी धरली. पाचही जण, शेजारी शेजारी. रेश्माची पात मधली होती. कुणी तिच्या पातीत हात घातला नाही.

*

शुक्रवारी सकाळी दहाला सगळे टेपावर, म्हणजे वाडीच्या उंचवट्यावर, गेले. वाडीत फोनची रेंज तिथेच येते, भैरीच्या देवळामागे, एका काळ्या कातळावर उभं राहिलं तर. एकटी रेश्मा गेली असती तरी चाललं असतं, पण आजपर्यंत तसं कधी झालं नव्हतं. बयाबाई काठी टेकत सगळ्यात शेवटी पोचली. खालच्या खाचरांत माणसं लावणीला वाकली होती. गोमाजीची दोन्ही खाचरं हिरवी झाली होती. राहुल उद्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणार होता.

रात्री बरंच बोलून झालं होतं. दर्शनाला नर्सिंग बरं वाटत होतं, महाडला, रोज डोळ्यांसमोर. बयाबाईला शिवणयंत्र. सोनबा म्हणाला होता, पोरगी म्हणेल ते, पण लांब नको. रेश्मा नुसती ऐकत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण दोनदा बापाने तिच्याकडे पाहून तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

राहुलने कातळावर चढून फोन लावला. स्पीकर चालू केला.

“हॅलो, मॅडम? हा, राहुल बोलतो. हो, सगळेच आलोय. मॅडम, असं हाय, की आमी विचार केला, आनी...”

“थांबा. रेश्मा आहे का?” आवाज तुटत होता.

“हाय ना. पन तिच्या आईचं म्हननं हाय...”

दर्शनाने हात पुढे केला. फोन तिच्याकडे गेला. “मॅडम, तितं रातीचं काय झालं तर बघनारं कोन हाय? बाई हाय का वसतिगृहात?”

“आहे. चोवीस तास. मी बोलले त्यांच्याशी. दर्शनाताई, रेश्माला द्या.”

“मी सांगते ना, आमचं असं...”

“मला दे गो,” बयाबाई म्हणाली. “मला बोलूं दे. बाय, ऐका, शिवनाचं मशीन...”

रेश्मा कातळाखाली उभी होती. तिला दिसत होतं, फोन या हातातून त्या हातात चालला होता, आणि घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिच्या पोटऱ्या दोन दिवसांच्या कामाने ठणकत होत्या. हाताच्या बोटांची टोकं सोलवटली होती. ती कातळावर चढली. दर्शनाचा हात सवयीने तिच्या दंडाकडे गेला.

“आजे, दे,” रेश्मा म्हणाली. “मी बोलते.”

बयाबाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. राहुल म्हणाला, “दे तिला.”

फोन तिच्या हातात आला. सोनबाने कानावरचं मुंडासं सरकवलं.

“मॅडम, मी रेश्मा.”

“बोल.”

“मी...” ती काहीतरी बोलली.

“ऐकू येत नाहीये, रेश्मा. रेंज जातेय. मोठ्याने सांग.”

तिने आईकडे पाहिलं. दर्शना रडत नव्हती. तिचा काळ्या नखाचा हात मोकळाच लोंबत होता. रेश्माने फोन तोंडाजवळ धरला, आणि खालच्या खाचरांतल्या वाकलेल्या माणसांनीसुद्धा माना वर करून बघावं एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

“सिव्हिल, मॅडम! रत्नागिरी! मी वसतिगृहात राहनार. मला जायचं हाय!”